धर्माची साक्ष कोणाच्या बाजूने?

धर्मगुरूंनी राजकारणात पडू नये, असे कोणी म्हणू लागले की मला अमेरिकेतील एका प्रवचनाची आठवण होते. २१ मार्च १९६५, रविवार. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग मतदानाच्या हक्कासाठी अलाबामा राज्यातील सेल्मा गावाहून मॉन्टगोमेरीकडे पायी निघाले होते, आणि त्यांच्याबरोबर पाद्री, यहुदी धर्मगुरू व नन्सही चालत होत्या. त्याच दिवशी व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग शहरात जेरी फॉलवेल नावाचा तरुण पाद्री आपल्या गोऱ्या भक्तांना सांगत होता की, धर्मोपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारण करण्याचे नव्हे. बाहेरची व्यवस्था बदलण्याची आज्ञा बायबलने आपल्याला दिलेली नाही. अंतःकरण बदलले की सारे बदलेल. आणि जाता जाता त्याने किंग यांच्या हेतूंविषयी व डाव्यांशी असलेल्या त्यांच्या संबंधांविषयी शंकाही पेरून ठेवली.

चौदा वर्षांनी, १९७९ साली, ह्याच फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली. आणि वीस वर्षांनी, ऑगस्ट १९८५ मध्ये, ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतले ते तेथील गोऱ्या सरकारचे वकील होऊन. धर्मोपदेशकाने राजकारण करू नये हा नियम मध्येच कोठे गळून पडला?

एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला नेमका हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता. "सर, ख्रिस्ती धर्मात तर सगळी माणसे देवाची लेकरे. मग चर्चमध्ये जाणारे लोक वर्णभेदाच्या बाजूने कसे उभे राहिले?" त्या दिवशी मी त्याला जे उत्तर दिले ते अपुरे होते. आपण अमेरिकेविषयी वाचतो तेव्हा किंग वाचतो, बाल्डविन वाचतो, ज्यांच्यावरून १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले ते ब्लॅक पँथर वाचतो. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईस यांना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख अभिमानाने करतो. हे योग्यच आहे. परंतु विषमतेचे समर्थन करणारी माणसे आपापसात काय बोलतात, कशावरून भांडतात, ह्याचा अभ्यास आपण फारसा केलेला नाही. त्यांना आपण एकसंध भिंत समजतो. १९८४ ते १९८६ ह्या दोन वर्षांत अमेरिकेतील पुराणमतवाद्यांच्या ह्या भिंतीला दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर मोठी भेग पडली. ती कशी पडली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी फॉलवेल यांच्या नियमाचे काय झाले ते पाहू. साधारण समज असा की अमेरिकेतील कर्मठ ख्रिस्ती लोक गर्भपाताच्या प्रश्नावरून राजकारणात उतरले. सर्वोच्च न्यायालयाचा गर्भपाताविषयीचा निकाल जानेवारी १९७३ चा. पण त्यांच्यातील सर्वांत मोठ्या पंथाने, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, १९७१ साली काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्यांना अनुकूल असा ठराव केला होता. ह्या पंथाचा जन्म १८४५ सालचा, आणि जन्माचे कारण गुलामगिरी. गुलाम बाळगणारा माणूस धर्मप्रसारक होऊ शकतो की नाही ह्या वादातून दक्षिणेतील बॅप्टिस्ट उत्तरेतील बॅप्टिस्टांपासून फुटले. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली ती दीडशे वर्षांनी, १९९५ साली.

खरी ठिणगी पडली ती शाळांवरून. १९५४ च्या निकालाने सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला, तेव्हा दक्षिणेत ठिकठिकाणी खाजगी 'ख्रिस्ती' शाळा निघाल्या. गोऱ्या मुलांना काळ्या मुलांच्या शेजारी बसावे लागू नये, हा त्यातील पुष्कळांचा उघड हेतू होता. फॉलवेल यांनी स्वतः १९६७ साली अशी एक शाळा काढली. १९७१ साली न्यायालयाने ठरवले की वर्णभेद पाळणारी शाळा ही धर्मादाय संस्था नव्हे, तिला करमाफी मिळणार नाही. दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठाने १९७१ पर्यंत एकही काळा विद्यार्थी घेतला नव्हता. पुढे घेतले तेही आधी विवाहित तेवढे, कारण गोऱ्या मुलीशी सूत जुळेल ही भीती. आयकर खात्याने १९७६ साली त्याची करमाफी काढून घेतली. १९७८ साली खात्याने सर्वच खाजगी शाळांसाठी कडक नियम सुचवले, तेव्हा निषेधाची लाखावर पत्रे येऊन पडली. पॉल वेरिक ह्या संघटकाला कर्मठ पाद्र्यांना राजकारणात आणायचे होते, आणि वर्षानुवर्षे जमले नव्हते ते ह्या एका प्रश्नाने जमून गेले. हा उलगडा रँडल बाल्मर ह्या इतिहासकाराने तपशिलाने केला आहे. ते स्वतः त्याच ख्रिस्ती परंपरेत वाढलेले आहेत, म्हणून त्यांची साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

म्हणजे काळ्यांच्या मताधिकारासाठी पाद्री रस्त्यावर आला तर तो अधर्म, आणि गोऱ्यांच्या शाळेच्या करमाफीसाठी आला तर ते धर्मरक्षण! १९८० च्या निवडणुकीत ह्या मंडळींनी बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारची शाळा घेणाऱ्या जिमी कार्टर यांना सोडून रोनाल्ड रेगन ह्या घटस्फोटित चित्रपट-नटाला जवळ केले. बॉब जोन्सचा खटला १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक अशा मतांनी विद्यापीठाच्या विरुद्ध गेला. मात्र मधल्या काळात, जानेवारी १९८२ मध्ये, रेगन सरकारने ती करमाफी परत देण्याचा प्रयत्न करून पाहिला होता.

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. पुराणमतवाद्यांची बाजू मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडतो, कारण विरोधकाचे म्हणणे विद्रूप करून मग ते खोडणे हा सोपा पण निरुपयोगी व्यवसाय आहे. त्यांच्या मते जगातील मुख्य झगडा एकच, तो म्हणजे साम्यवादाविरुद्धचा. जीन कर्कपॅट्रिक ह्या विदुषीने १९७९ साली सिद्धांत मांडला की हुकूमशाह्या दोन प्रकारच्या असतात. जुन्या पद्धतीची हुकूमशाही कालांतराने सुधारू शकते. साम्यवादी सर्वंकष सत्ता सुधारत नाही. म्हणून पहिल्या प्रकारच्या मित्राला संकटात सोडू नये. रेगन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रसंघात राजदूत म्हणून पाठवले. अंगोलात १९७५ पासून क्यूबाचे सैन्य उतरलेले होते. दक्षिण आफ्रिकेजवळ क्रोमियम, प्लॅटिनम, मँगनीज ही खनिजे होती आणि केपचा सागरी मार्ग होता. तेव्हा प्रिटोरियाशी भांडू नये, गोडीगुलाबीने सुधारणा घडवाव्यात, असे धोरण आफ्रिकाविषयक अधिकारी चेस्टर क्रॉकर यांनी आखले. त्याला त्यांनी 'विधायक संबंध' असे गोंडस नाव दिले. शिवाय त्यांचा एक प्रश्न असा होता, की इथिओपियात मेंगिस्तूची राजवट माणसे मारते आहे, तिच्याविरुद्ध हे मोर्चेवाले गप्प का? ह्या प्रश्नात मुळीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण तो मेंगिस्तूच्या बळींसाठी विचारला जात नव्हता, बोथांच्या बचावासाठी विचारला जात होता.

ह्या विचारसरणीच्या पोटातही विसंगती होत्याच. अंगोलातील काबिंडा येथे अमेरिकी कंपनीच्या तेलविहिरी होत्या, आणि त्यांचे रक्षण करीत होते क्यूबाचे सैनिक! तेल कंपनीला साम्यवादी सरकारशी व्यवहार सोयीचा होता. चळवळीतील कडव्या लोकांना त्याच सरकारविरुद्ध लढणारा जोनास साविंबी हा वीरपुरुष वाटत होता. १९८६ च्या प्रारंभी साविंबी वॉशिंग्टनला आला तेव्हा पुराणमतवाद्यांच्या मेळाव्यात त्याचा सत्कार झाला. त्याला शस्त्रे पुरवणाऱ्यांत दक्षिण आफ्रिकेचे सैन्य होते, ह्याची त्या सभेत कोणालाही अडचण वाटली नाही.

'विधायक संबंधां'तून काय निष्पन्न झाले? नव्या घटनेनुसार १९८४ साली तीन सभागृहांची संसद आली. गोऱ्यांचे एक, मिश्रवर्णीयांचे एक, भारतीय वंशाच्या लोकांचे एक. बहुसंख्य काळ्यांना काहीच नाही. शोषितांतील एका थराला पायरीवर बसवायचे आणि खालच्याला अंगणाबाहेर ठेवायचे, ही युक्ती आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ३ सप्टेंबर १९८४ रोजी ही घटना अमलात आली आणि त्याच दिवशी व्हाल भागातील काळ्यांच्या वस्त्या पेटल्या. ऑक्टोबरात बिशप डेस्मंड टूटू यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

ह्यानंतर जे घडले ते अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीने घडवले. हे ठासून सांगितले पाहिजे, कारण पुढे ह्याचे श्रेय सिनेटरांना देण्याची पद्धत पडली. काँग्रेसमधील काळे सभासद रॉन डेलम्स १९७२ पासून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारे विधेयक मांडत आले होते. बारा वर्षे ते कोणी गंभीरपणे घेतले नाही. २१ नोव्हेंबर १९८४ रोजी रँडल रॉबिन्सन, मेरी फ्रान्सिस बेरी आणि वॉल्टर फॉन्ट्रॉय हे तिघे दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताला भेटायला त्याच्या कचेरीत गेले आणि तेथेच ठाण मांडून बसले. त्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी, वर्तमानपत्रांना बातमी हवीच होती. त्यानंतर रोज दुतावासासमोर निदर्शने आणि रोज अटका. वर्षभरात अटक झालेल्यांची संख्या हजारांत गेली. विद्यापीठांतून, नगरपालिकांतून, निवृत्तिवेतन निधींतून दक्षिण आफ्रिकेत धंदा असलेल्या कंपन्यांचे समभाग विकून टाकण्याची मागणी सुरू झाली.

डिसेंबरात टूटू काँग्रेसच्या उपसमितीपुढे आले आणि रेगन यांचे धोरण अनैतिक आहे, दुष्ट आहे, ख्रिस्ती धर्माला सर्वस्वी विसंगत आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. समितीतील सभासद उभे राहून टाळ्या वाजवू लागले. रेगन आणि त्यांचे पाद्री ज्या देवाच्या नावाने बोलत, त्याच देवाच्या नावाने एक काळा बिशप त्यांना अख्रिस्ती ठरवत होता. मला वाटते, साम्यवादाच्या भीतीला उत्तर म्हणून ही साक्ष शंभर आर्थिक अहवालांहून भारी पडली. टूटूंना साम्यवादी ठरवणे सोपे नव्हते.

त्याच महिन्यात पहिली भेग दिसली. रिपब्लिकन पक्षाच्या पस्तीस पुराणमतवादी प्रतिनिधींनी दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताला पत्र लिहिले की, हिंसा थांबवून वर्णभेद संपवण्याच्या दिशेने त्वरित पावले पडली नाहीत तर आम्हीच निर्बंधांना पाठिंबा देऊ. ह्यात व्हिन वेबर होते, न्यूट गिंग्रिच होते, रॉबर्ट वॉकर होते. ही कोणी मवाळ माणसे नव्हेत. मग त्यांचे हृदयपरिवर्तन झाले का? तसे मी मानत नाही. ह्या तरुण मंडळींना आपला पक्ष बहुमताचा करायचा होता, आणि वर्णभेदाचा पाठीराखा हा शिक्का त्यांना गळ्यातील धोंड वाटू लागला होता. त्यांच्या आधीच्या पिढीने हा शिक्का अंगावर मिरवला होता. 'नॅशनल रिव्ह्यू' ह्या त्यांच्या प्रमुख पत्राने १९५७ साली अग्रलेखात लिहिले होते की, दक्षिणेत गोरे संख्येने कमी असले तरी सत्ता त्यांच्याच हाती राहिली पाहिजे, कारण तूर्त तोच प्रगत वंश आहे. सत्तावीस वर्षांनी त्याच चळवळीतील तरुणांना हे बोलणे परवडेनासे झाले. हिशेब बदलला होता. आपल्यातील काही मित्र अशा हिशेबी पाठिंब्याला तुच्छ लेखतात. मी लेखत नाही. हिशेब आपोआप बदलत नसतात. दुतावासासमोर अटक करून घेणाऱ्यांनी तो बदलायला लावला होता.

कडवा गट मात्र हटला नाही. फॉलवेल ऑगस्ट १९८५ मध्ये पाच दिवस दक्षिण आफ्रिकेत राहून आले आणि म्हणाले की, टूटू काळ्यांचे प्रतिनिधी म्हणवत असतील तर ते तोतया आहेत. ख्रिस्ती बांधवांनी क्रूगररँड ही तेथील सोन्याची नाणी विकत घ्यावीत, असेही आवाहन त्यांनी केले. ओरड झाली तेव्हा 'तोतया' ह्या शब्दाबद्दल माफी मागितली; नाण्यांबद्दल नाही. त्याच महिन्यात रेगन एका मुलाखतीत म्हणाले की, आपल्याकडे एके काळी असलेली विभक्तता दक्षिण आफ्रिकेने नष्ट केली आहे. हेही नंतर सावरावे लागले. १९८६ साली 'इंटरनॅशनल फ्रीडम फाउंडेशन' नावाची एक संस्था वॉशिंग्टनमध्ये निघाली आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसविरुद्ध प्रचार करू लागली. तिला पैसा दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराकडून येत होता, हे १९९५ साली उघडकीस आले.

ह्या गटाचा आवडता युक्तिवाद असा, की निर्बंधांनी काळ्यांचेच नुकसान होईल, त्यांचाच रोजगार बुडेल. हा वाचताना मी थबकलो, कारण तो मी ऐकलेला होता. महाडनंतर मेलेली गुरे ओढण्याचे काम महारांनी सोडले, तेव्हा कातडी, हाडे, शिंगे ह्यांचे उत्पन्न महारांचेच बुडेल असा हिशेब मांडणारे हितचिंतक गावोगाव निघाले होते. त्यांतील कोणालाही ते उत्पन्न स्वतः घेण्याचा मोह झाला नाही. आणि बहिष्काराने पोटावर पाय येतो हे प्रस्थापितांना कळत नाही असे कोण म्हणेल? स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात, जिचे बाबासाहेब सभासद होते, गावचे सवर्ण अस्पृश्यांविरुद्ध सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे वापरतात त्याची नोंद आहे. वरच्याने खालच्यावर घातला की बहिष्कार ही रूढी, आणि खालच्यासाठी वरच्यावर घातला की ती क्रूरता. (आपल्या देशाने १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, ही अभिमानाची गोष्ट. त्याच देशाच्या सरकारने २००१ साली डर्बनच्या परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, हीही नोंद राहिली पाहिजे.)

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर येथे आहे. ख्रिस्ती धर्माने वर्णभेदाला पाठिंबा दिला की विरोध केला, असा प्रश्नच चुकीचा आहे. तो धर्म ह्या प्रश्नावर दुभंगला. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चने बायबलातून वर्णभेदाचे समर्थन काढले, आणि १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाने तेच समर्थन पाखंड ठरवून त्या चर्चचे सभासदत्व तहकूब केले. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने १९७१ सालीच, आपल्याकडील समभागांच्या जोरावर, जनरल मोटर्सने दक्षिण आफ्रिका सोडावी असा ठराव कंपनीच्या सभेत मांडला होता, आणि लिऑन सलिव्हन हे काळे बॅप्टिस्ट पाद्री त्या कंपनीचे संचालक असूनही ठरावाच्या बाजूने बोलले. सप्टेंबर १९८५ मध्ये सोवेटो व जोहान्सबर्ग भागातील धर्मचिंतकांनी 'कैरोस' नावाचे निवेदन काढले. त्यात त्यांनी तीन प्रकारचे धर्मशास्त्र वेगळे केले आहे. पहिले सत्तेला आशीर्वाद देणारे. दुसरे चर्चचे, जे अन्यायाची बाजू न घेता नुसता समेट सांगते. आणि तिसरे प्रेषितांचे, जे शोषितांच्या बाजूने उभे राहते. फॉलवेल पहिल्यात बसतात हे उघड आहे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसऱ्यावरची टीका. कारण आपल्याकडे सद्भावनेच्या नावाने भरणारी बहुतेक व्यासपीठे त्या दुसऱ्या वर्गातील असतात.

१९८६ चा घटनाक्रम वेगाने सांगतो. १२ जूनला दक्षिण आफ्रिकेत देशव्यापी आणीबाणी आली. १८ जूनला डेलम्स यांचे कडक विधेयक प्रतिनिधिगृहात आवाजी मतदानाने मंजूर झाले. विरोधकांनी मतमोजणीही मागितली नाही, सिनेट ते अडवील ह्या भरवशावर. २२ जुलैला रेगन यांनी निर्बंध हा ऐतिहासिक मूर्खपणा आहे असे भाषण केले. त्यांच्याच पक्षाचे, सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष रिचर्ड लूगर आणि नॅन्सी कासेबॉम ह्या भाषणाने निराश झाले. लूगर यांनी डेलम्सच्या विधेयकापेक्षा सौम्य, पण दात असलेले विधेयक आणले: नवी गुंतवणूक बंद, कर्जे बंद, कोळसा, पोलाद, युरेनियम, कापड, शेतमाल ह्यांची आयात बंद, दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना उतरण्याची बंदी. निर्बंध उठवण्याच्या अटींत नेल्सन मंडेला यांच्या सुटकेचा उल्लेख होता. रेगन यांनी २६ सप्टेंबरला नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहाने तो ३१३ विरुद्ध ८३ मतांनी फेटाळला. सिनेटमधील मतदानाच्या तोंडावर जेसी हेल्म्स ह्या उत्तर कॅरोलायनाच्या सिनेटरच्या मध्यस्थीने दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री पिक बोथा शेतीप्रधान राज्यांच्या सिनेटरांना फोन करू लागले: कायदा झाला तर तुमचे धान्य घेणार नाही. लूगर संतापले. परक्या सरकारने सिनेटला धमकावावे, हे त्यांच्यातील राष्ट्रवादी पुराणमतवाद्याला सहन झाले नाही. २ ऑक्टोबरला मतदान झाले, ७८ विरुद्ध २१. रेगन यांच्या पक्षाच्या एकतीस सिनेटरांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षांविरुद्ध मत दिले. विरुद्ध गेलेली एकवीसही मते त्याच पक्षाची होती.

मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले. अमेरिकेच्या दहशतवाद्यांविषयीच्या यादीतून त्यांचे व त्यांच्या पक्षाचे नाव निघायला मात्र २००८ साल उजाडले. लूगर छत्तीस वर्षे सिनेटर राहिले आणि २०१२ साली स्वतःच्या पक्षातील अधिक कडव्या उमेदवाराकडून प्राथमिक फेरीतच हरले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दक्षिण आफ्रिकेची मदत तोडणारा आणि तेथील गोऱ्या आफ्रिकानरांना छळ झालेले निर्वासित म्हणून अमेरिकेत आश्रय देणारा हुकूम काढला. इतर देशांच्या बहुतेक निर्वासितांसाठी दारे बंद असताना मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी विमानाने आली. त्यांना घरे शोधून देण्याचे काम सरकारने ज्या संस्थांवर सोपवले, त्यांत एपिस्कोपल चर्चची संस्था होती, जवळजवळ चाळीस वर्षे निर्वासितांचे काम करणारी. टूटू ज्या चर्चचे आर्चबिशप होते त्याच्याशी आपले जुने नाते आहे, असे सांगून ह्या चर्चने नकार दिला, आणि त्यापायी सरकारबरोबरचा निर्वासितांच्या कामाचा करारच संपवण्याचा निर्णय घेतला.